कॉटन ग्रीन मार्गे जगाचा इतिहास

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात जग येतं ते ‘युरोप आणि भारत’ या एका पाठापुरतं. प्रबोधनकाळ, धर्मसुधारणा, भौगोलिक शोध, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, भांडवलशाहीचा उदय, हे सगळं मोजक्या पानांत उरकतं आणि पुढे वर्षभर आपण ब्रिटिश सत्ता आणि स्वातंत्र्यलढा शिकवत राहतो. तो शिकवायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण मधूनच युरोपात महायुद्ध सुरू झाल्याचं एखादं वाक्य येतं आणि मुलं मान वर करतात. का सुरू झालं? कोण कुणाच्या बाजूनं? पुस्तक तोवर पुढच्या सत्याग्रहापाशी पोचलेलं असतं.

मी शिवडी-काळाचौकी पट्ट्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. वर्गातली निम्मी मुलं सातारा-सांगलीकडच्या घरांतली, बरीचशी कोकणातली, थोडी उत्तर प्रदेशातून आलेल्या पण हौसेनं मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्या आईबापांची. काहींचे आजोबा गिरणीत होते. वडील कुरिअरमध्ये, सिक्युरिटीत, बेस्टमध्ये. आई बऱ्याचदा समोरच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला. गेल्या वर्षी मी ठरवलं की जगाचा इतिहास त्या एका पाठात संपवायचा नाही, पोर्शन सांभाळत वर्षभर पुरवून शिकवायचा. वेळ कुठून काढला ते आधीच सांगते, कारण शिक्षक वाचक पहिला प्रश्न तोच विचारणार. बदली तास. कुणी रजेवर असलं की ‘जरा वर्ग सांभाळा’ म्हणून जो तास गळ्यात पडतो, तो मी आपणहून मागून घ्यायला लागले. स्टाफरूममध्ये आधी सगळ्यांना संशय आला, मग सोय वाटायला लागली.

अडचण सनावळीची नव्हती. सनावळ्या मुलांना पाठ होतात. पण १८५७ आणि १८६१ यांत चारच वर्षांचं अंतर आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एक साल आपल्या उठावाचं, दुसरं अमेरिकेतल्या यादवीचं. दोन्ही एकाच पृथ्वीवर, एकापाठोपाठ घडली असतील असा विचार कुणी केलेलाच नव्हता. म्हणून वर्गाच्या मागच्या भिंतीवर कार्डशीटं जोडून एक लांब पट्टी लावली. वरच्या ओळीत जग, खालच्या ओळीत मुंबई आणि आसपासचा मुलूख. वरच्या घटनेचा खालच्या घटनेशी संबंध असेल तर मध्ये लाल लोकरीचा दोरा. नियम एकच: दोरा लावणाऱ्यानं तो का लावला हे दोन वाक्यांत चिठ्ठीवर लिहायचं आणि वर्गापुढे वाचायचं. वर्गाला पटलं तर दोरा राहतो, नाही पटलं तर निघतो.

पहिला दोरा स्टेशनवरनं आला. हार्बरनं येणारी मुलं रोज कॉटन ग्रीनला उतरतात. मुंबईचा कापूस बाजार आधी कोटात म्हणजे फोर्टमध्ये भरायचा, आताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी. १८४४ मध्ये तो कुलाब्याला हलला आणि पुढे आमच्या शिवडीकडे आला. एवढं सांगून मी फळ्यावर चार गावं लिहिली: चार्ल्स्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर, मुंबई. नकाशात शोधायला लावली. मग गोष्ट सांगितली. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून यायचा आणि तो पिकवायचे गुलाम. १८६० च्या सुमारास तिथे सुमारे चाळीस लाख माणसं गुलामीत होती. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्स्टनच्या बंदरातल्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, यादवी सुरू झाली, लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. कापूस अडकला. मँचेस्टरकडचे कामगार उपाशी बसले आणि गिरणीवाले दुसरीकडे बघायला लागले. इजिप्तकडे, आणि आपल्याकडे.

मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, नवी कंपनी, समुद्र बुजवायच्या योजना. बॅक बेच्या भरणीचे शेअर कैक पटीनं चढले. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे राजे. १८६५ मध्ये यादवी संपली, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुटला, भाव कोसळले आणि त्याबरोबर निम्मी मुंबई बुडाली. प्रेमचंदही बुडाले, पण त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावानं मनोरा उभा राहिला, १८७८ मध्ये. ओव्हलवर क्रिकेट बघायला गेलेल्या मुलांनी राजाबाई टॉवर पाहिलेला होता. त्यावरचं घड्याळ आणि दक्षिण कॅरोलायनातलं कापसाचं शेत एकाच हिशोबात येतात, यावर त्यांचा पटकन विश्वास बसेना.

“बाई, म्हणजे तिकडे गुलामांवरनं लढाई झाली आणि इकडे शेठ लोक श्रीमंत झाले?” एका मुलीनं विचारलं.

“पण नंतर बुडाले ना,” मागच्या बाकावरनं समाधानाचा सूर.

शेतकऱ्याचं काय झालं, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. ते त्यांनी पुस्तकातून काढलं. १८७५ चे दख्खनचे दंगे आठवीच्या अभ्यासात आहेतच: पुणे जिल्ह्यातलं सुपे, सावकारांच्या वह्या जाळणारे शेतकरी. कापसाच्या तेजीत सावकारानं सढळ हातानं कर्ज दिलं, भाव पडल्यावर तोच हात आखडला आणि वसुलीला उठला. एका मुलानं चार्ल्स्टनपासून सुप्यापर्यंत दोरा ताणला. लगेच दुसऱ्यानं हरकत घेतली की यादवी संपली १८६५ ला आणि दंगा १८७५ ला, मध्ये दहा वर्षं आहेत, तोवर शेतकरी काय झोपला होता? हरकत चांगली होती. सारावाढ झाली होती, कर्जावर व्याज चढत होतं, कोर्ट सावकाराच्या बाजूनं निकाल देत होतं. तास संपेस्तोवर वाद चालला. शेवटी दोरा राहिला, पण त्याच्या शेजारी ‘सारावाढ’ लिहिलेला दुसरा दोरा आला. एका घटनेला दोन दोरे असू शकतात, ही गोष्ट मी शिकवायच्या आत वर्गानं ठरवून टाकली होती.

फ्रेंच राज्यक्रांतीला मात्र खाली काही सापडेना. टिपूचा फ्रेंचांशी संबंध होता, पण तो म्हैसूरकडचा. आमच्या पट्टीवर श्रीरंगपट्टणम नव्हतं. मुलांना रिकामी जागा बघवत नाही. कुणीतरी हॉर्नबी वेलार्ड आणलं. वरळी आणि ब्रीच कँडीमधली खाडी बुजवणारा तो बांध, १७८४ च्या सुमाराचा. पॅरिसमधला बास्तिलचा तुरुंग फोडला तो १७८९ ला. “जवळजवळच आहेत, बाई.” चिठ्ठीवर काय लिहिणार, असं विचारलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “संबंध काहीच नाही. पण एकाच वेळी चाललं होतं.”

मी त्याला तेच लिहायला लावलं आणि दोरा न लावता चिठ्ठी तेवढी टाचली. माझ्या मते वर्षभरातला सर्वांत उपयोगी तास हाच. स्थानिक गोष्टीवरून जगाकडे न्यायची युक्ती आम्हा शिक्षकांना फार आवडते, प्रशिक्षणातही ती सांगतात. तिचा धोका असा की थोड्या दिवसांनी मुलांना वाटायला लागतं, जगात जे काही झालं ते मुंबईसाठीच झालं. पॅरिसमधल्या पावाच्या भावाचा आणि राजाच्या रिकाम्या खजिन्याचा आपल्याशी काहीएक संबंध नव्हता, तरी ते समजून घ्यायला हवं. पुढे त्या क्रांतीतला समतेचा विचार आपल्याकडे आलाच, पण तो कसा आणि कुणाच्या पुस्तकांतून, हे आठवीच्या चिठ्ठीत मावणारं नाही. फ्रेंच राज्यक्रांती मी सरळ तिच्याच गावात नेऊन शिकवली. तीन वर्ग, त्यांतले दोन करमाफीवाले, आणि सगळा भार तिसऱ्यावर. मुलांना कळायला काही अडचण आली नाही.

अफूचा दोरा मी स्वतः लावला, कारण तो पुस्तकातून मुलांना मिळाला नसता. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. १८३९ मध्ये चिनी सम्राटाच्या लिन झेशू या अधिकाऱ्यानं कँटनच्या व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. इंग्लंडनं त्यावरून युद्ध केलं आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग घेतलं. या व्यापारातून मोठे झालेल्यांत सर जमशेटजी जीजीभॉय होते. त्याच १८४२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. तीन वर्षांनी जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, त्यांच्या देणगीतून. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नीच्या पैशातून. वर्गातल्या दोघातिघांचा जन्म जे. जे.तला, आणि एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी रोड तर दादरला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक.

“मग ते चांगले होते का वाईट?”

हा प्रश्न मुलं प्रत्येक माणसाबद्दल विचारतात आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. मी ते दिलं नाही. घरी जाऊन आठ-दहा ओळी लिहून आणा म्हटलं. बहुतेकांनी ‘दानशूर होते पण’ अशा थाटात लिहिलं. एका मुलीनं लिहिलं की हॉस्पिटल मुंबईत बांधलं आणि अफू खाणारी माणसं चीनमध्ये होती, त्यांच्यासाठी कुणी हॉस्पिटल बांधलं का ते बाईंनी सांगावं. मी ती वही स्टाफरूममध्ये फिरवली.

औद्योगिक क्रांतीला फारसं काही करावं लागलं नाही. एका मुलाचे आजोबा वर्गात आले. गिरणीच्या साचेखात्यात उभी हयात गेलेली, बंद पडलेल्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये अजून पाऊल न टाकलेले. जेनी, वॉटर फ्रेम, यंत्रमाग ही नावं मी आधी सांगितली होती. आजोबांनी सांगितलं की त्यांच्या खात्यातल्या जुन्या यंत्रांवर इंग्रजी अक्षरांत ओल्डहॅम असं ओतलेलं असायचं. ओल्डहॅम हे मँचेस्टरजवळचं गाव, तिथल्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत सर्रास असत. मुलांनी नकाशात ओल्डहॅम शोधून काढलं, आजोबांनीही पहिल्यांदाच बघितलं. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावरांची, ताडदेवला, १८५४ ची. मग इंग्लंडमधला १८३३ चा कारखाना कायदा आणि आपल्याकडचा १८८१ चा, शेजारी शेजारी ठेवले. तिकडे नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी, इकडे पन्नासेक वर्षांनंतर सात वर्षांखालच्या. दोन वर्षांचा हा फरक मुलांनी स्वतः पकडला आणि त्यांना राग आला. नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली हे ऐकल्यावर कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आजोबांनी १९८२ च्या गिरणी संपाचा विषय काढला तेव्हा मात्र मी त्यांना थांबवलं नाही आणि मुलांनीही नाही. त्या दिवशी मधली सुट्टी बुडाली.

पहिल्या महायुद्धाची कारणं शिकवणं अवघड आहे. सारायेव्होतला खून मुलांना आवडतो, कारण त्यात गोळीबार आहे. एका राजपुत्राला मारलं म्हणून अख्खं युरोप पेटतं, हे त्यांना पटत नाही, आणि पटू नयेच. करार, प्रतिकरार समजावताना मी आमच्या भागातलंच उदाहरण दिलं: दोन चाळींच्या पोरांत क्रिकेटवरून भांडण, मग प्रत्येकाची दोस्त असलेली तिसरी-चौथी चाळ, आणि ज्यांनी बॅट हातात धरली नव्हती तेही मारामारीत. त्यावर एकानं विचारलं की पण भांडायची तयारी आधीपासून असल्याशिवाय एवढं होतं का. नाही होत. आरमाराची स्पर्धा, वसाहती, बाल्कनमधली ओढाताण हे सगळं तिथूनच सुरू केलं.

गणपतीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांना एक काम दिलं होतं. गावात चावडीवर, शाळेत किंवा देवळाजवळ महायुद्धाचा दगड आहे का बघा. असे फलक सरकारनं गावोगावी बसवले होते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. मुंबईच्या पोरांना गावी गेल्यावर मोबाइलपलीकडे काही बघायला सांगणं म्हणजे काम पाण्यात जाणार, अशी माझी समजूत होती. सातारकडच्या दोघांनी फोटो आणले. एकाचा दगड रंगाखाली दबला होता, अक्षरं बोटानं चाचपून वाचली म्हणाला. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी’ लावूनच ओळखलं जातं. त्या एका गावातल्या ४६ जणांनी या युद्धात प्राण दिले.

ही माणसं लढायला गेली कुठे? मुलांना वाटलं जर्मनीत. बहुतेक गेले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. फळ्यावर बसरा आणि कुत लिहिलं. पुण्याच्या नावानं ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कुतमध्ये वेढली गेली. एप्रिल १९१६ च्या अखेरीस उपासमारीनं शरण गेली. नंतर तुर्कांच्या कैदेत कितीतरी मेले. हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं परदेशी लढायला गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. “मग ते कुणासाठी लढले?” हा प्रश्न आला. पगार, घरात चालत आलेली परंपरा, भरतीसाठीचा दबाव, युद्धानंतर स्वराज्य मिळेल ही पुढाऱ्यांना वाटणारी आशा, असं सगळं फळ्यावर आलं. कोकणातल्या मुलांना आपल्याकडे दगड नाही याचं वाईट वाटलं होतं. त्यांना मी मस्जिद बंदरजवळच्या खलाशांच्या स्मारकाचे फोटो दाखवले. समुद्रात बुडालेले दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशी, ज्यांना थडगं नाही, त्यांच्यासाठीचं ते स्मारक. बोटीवर भंडारी म्हणजे स्वयंपाकी किंवा आगवाले म्हणजे भट्टीवरचे कामगार म्हणून राबणारी ही माणसं. रत्नागिरीच्या एका मुलीचे मामा मर्चंट नेव्हीत आहेत. तिनं दुसऱ्या दिवशी स्वतःच दोरा आणला.

आता हिटलर.

आठवीच्या वर्गात हिटलरचं नाव काढलं की काही मुलांचे डोळे चमकतात. ‘शिस्त होती’, ‘देश वर आणला’, ‘एकटा सगळ्यांना भारी पडला’. हे ती घरून, मोबाइलवरनं, आणि फाउंटनच्या फुटपाथवर मराठीत मिळणाऱ्या त्याच्या आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावरनं उचलतात. त्यांना दटावून काही होत नाही, उलट हिटलरचं आकर्षण वाढतं. प्रेतांचे फोटो दाखवायचे नाहीत हे मी पक्कं ठरवलं होतं. तेरा वर्षांचं मूल एकतर घाबरतं किंवा हसतं, आणि दोन्हीत शिकणं थांबतं. काही ठिकाणी अर्ध्या वर्गाला पिवळे बिल्ले लावून दिवसभर नाटक करतात. मला तोही प्रकार नको वाटतो. ज्या मुलांना जातीवरनं खरोखरच काही ऐकावं लागलेलं आहे, त्यांना खोट्या बिल्ल्याची गरज नसते.

मी फक्त नियम वाचले, तारखेनुसार, एकामागून एक. एप्रिल १९३३: ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं. सप्टेंबर १९३५: नागरिकत्व गेलं, ज्यू आणि इतर जर्मन यांच्यात लग्नाला बंदी. ज्यू कोण, हे आजी-आजोबांवरनं ठरवायचं. तीन किंवा चार ज्यू असले की तो ज्यू, त्याचा स्वतःचा धर्म काहीही असो. ऑक्टोबर १९३८: पासपोर्टवर ‘जे’ अक्षर. नोव्हेंबर १९३८: एका रात्रीत प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली. त्याच महिन्यात ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं. १९३९: रेडिओ जमा करा. १९४२: घरात कुत्रा-मांजर पाळायला बंदी.

वर्ग कुठे थांबला असेल? शाळेतून काढलं यावर थोडी कुजबुज झाली. कुत्रा-मांजरावर एकदम शांतता, आणि मग “का?” असा प्रश्न तीन-चार बाकांवरनं. मांजर पाळल्यानं जर्मनीचं काय बिघडणार होतं? या प्रश्नाला राष्ट्रहिताचं काही उत्तर नाही, आणि नाही हे मुलांना आपलं आपण कळलं. त्यानंतर साठ लाखांचा आकडा सांगितला. ऑशविट्झ कुठे आहे, १९४५ च्या जानेवारीत तिथे सोव्हिएत सैन्य पोचलं तेव्हा किती थोडे जिवंत होते, एवढंच.

मग खालच्या ओळीत काय? मांडवीतलं शारे रहमीम, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं, घरी मराठी, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जायचे. रोह्याच्या मुलाला रोहेकर ज्यू असतात हे ऐकून धक्काच बसला. आणि आमच्या शेजारची परळची हाफकिन संस्था. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, त्यावरची लस वॉल्डेमार हाफकिननं याच शहरात तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. तो ओडेसाचा ज्यू. “त्याचे आजी-आजोबा चारही ज्यू म्हणजे...” एक मुलगा बोटं मोजत म्हणाला आणि वाक्य तसंच सोडून खाली बसला. हाफकिन १९३० मध्येच वारला होता, हे मी सांगितलं. त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

“पण नेताजी हिटलरला भेटले होते ना?” हा प्रश्न येणारच असतो, तो टाळला की सगळं शिकवलेलं पाण्यात. भेटले होते, मे १९४२ मध्ये. इंग्रजांविरुद्ध मदत मागायला गेले होते, हाती फारसं लागलं नाही, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीतून पूर्वेकडे निघाले. त्याच्या बाजूलाच मी यशवंत घाडगे हे नाव लिहिलं. माणगावकडचा मराठा पलटणीतला बावीस-तेवीस वर्षांचा नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, एकट्यानं जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक जण इंग्रजांविरुद्ध हिटलरकडे गेला, एक जण इंग्रजांच्या फौजेत हिटलरच्या सैन्याशी लढत मेला. बरोबर कोण, असं मुलांनी विचारलं. मी म्हटलं, दोघांच्या बाजूनं चिठ्ठ्या लिहा. पट्टीवर त्या कोपऱ्यात एवढी गर्दी झाली की खाली आणखी एक कार्डशीट जोडावी लागली.

दुसऱ्या सत्रात मोठ्या बाईंनी बोलावलं. “पट्टी छान आहे, पण पोर्शनचं बघा.” म्हणणं रास्त होतं. रशियन क्रांती एका तासात गुंडाळली. शीतयुद्ध बर्लिनच्या भिंतीपुरतं. आफ्रिकेची वाटणी मात्र घाईतही सोडली नाही: १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत चौदा देश बसले आणि आफ्रिकेतलं एकही नव्हतं, हे सांगायला दहा मिनिटं पुरतात.

तोवरचे सगळे दोरे वरून खाली येत होते. जगात काहीतरी घडतं आणि मुंबईला त्याचा धक्का बसतो. फेब्रुवारी १९४६ चं नौसैनिकांचं बंड पहिल्यांदा उलटं गेलं. कुलाब्याच्या ‘तलवार’ या प्रशिक्षण तळावर निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या यांवरनं सुरुवात, मग बंदरातल्या बोटी, मग कराचीपर्यंत. गिरणी कामगार रस्त्यावर आले, परळ-लालबागला गोळीबार झाला, शहरात दोनशेहून जास्त माणसं गेली. ज्या रस्त्यांवरनं मुलं शाळेत येतात, तेच रस्ते. साम्राज्याला आता आपल्याच सैनिकांचा भरवसा धरता येईना, ही बातमी लंडनला पोचली. मुलांनी दोरा खालून वर नेला आणि त्याचं टोक लंडनला बांधावं की थेट साऱ्या आशियातल्या वसाहतींना, यावर भांडली. मी लंडनवर थांबायला सांगितलं. पुढचं सिद्ध करा, मग बांधा.

वार्षिक परीक्षेत मी माझ्या अखत्यारीतला एक प्रश्न घातला: पुढील दोन घटनांमधील संबंध स्पष्ट करा. तीन जोड्या दिल्या होत्या, त्यांतली एक मुद्दाम असंबद्ध. बऱ्याच जणांनी तिथेही काहीतरी जोडून दिलं, कारण परीक्षेत रिकामं सोडायचं नसतं असं त्यांना पहिलीपासून शिकवलेलं आहे. काहींनी ‘संबंध नाही’ लिहून खाली कारण दिलं. पूर्ण गुण दिले. एका पालकांनी पेपर बघताना विचारलं की एका ओळीला तीन मार्क कसे. त्यांना ओळ वाचून दाखवली.

पट्टी मतदान केंद्रासाठी वर्ग रिकामा करताना काढावी लागली. दोरे टिकले नाहीत, चिठ्ठ्या मी पिशवीत भरून ठेवल्यात. या जूनला सुरुवात कापसापासून करणार नाही. १९१८ च्या तापापासून करायचा विचार आहे: जून महिना, युद्धावरून परतणाऱ्या बोटी, बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडतात आणि काही आठवड्यांत ताप रेल्वेनं देशभर जातो. करोनाच्या वेळी ही मुलं पहिली-दुसरीच्या आसपास होती. बंद शाळा, मोबाइलवरचा वर्ग, गावी अडकलेले महिने हे त्यांना आठवतं. वरची ओळ त्या वेळी फ्रान्समधल्या खंदकांपासून सुरू करावी लागेल आणि खालची त्यांच्या आठवणीपासून. मोठ्या बाईंशी अजून बोलले नाही. वेळापत्रक लागलं की आधी बदली तासांचा तक्ता बघेन.